हाताला मुंग्या येतात, पण नस दबली आहे कुठे? मशीनशिवाय करायची तपासणी

प्रश्न: मी सासवडला जनरल प्रॅक्टिस करतो. हाताला मुंग्या येतात म्हणून रोज कोणी ना कोणी दवाखान्यात येतं. एनसीव्हीसाठी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मशीनवर मोजणारी तपासणी) पुण्याला पाठवायचं तर खर्च आणि कामाचा खाडा, दोन्ही अनेकांना परवडत नाही. टिनेल (नसेवर ठोकून बघणं), फॅलन (मनगट वाकवून बघणं) या टेस्ट कॉलेजात शिकलो होतो, पण एकाच पेशंटमध्ये एक पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह आली की गोंधळ होतो. विश्वास कशावर ठेवायचा? मान, कोपर की मनगट, हे दवाखान्यातल्या तपासणीवरून ठरवता येतं का?

उत्तर:

डॉक्टर, बहुतेक पेशंटमध्ये ठरवता येतं. पण त्यासाठी टिनेल आणि फॅलनला त्यांच्या जागी ठेवावं लागेल, आणि ती जागा तपासणीच्या शेवटाकडे आहे. पुण्यात हाताच्या शस्त्रक्रियेचं काम करताना माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेकदा एवढंच असतं: ‘फॅलन पॉझिटिव्ह’ किंवा ‘टिनेल निगेटिव्ह’. त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. कुठल्या बोटाची संवेदना कमी आहे आणि कुठला स्नायू अशक्त आहे, या दोन ओळी असतील तर निदान जवळजवळ तिथेच होतं. टिनेल-फॅलन नसेला डिवचून पाहतात. नस कुठे बिघडली आहे हे मात्र त्वचा आणि स्नायू सांगतात.

सुरुवात पेशंटच्या बोलण्यापासून करा. ‘सगळ्या हाताला मुंग्या येतात’ असंच जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. त्यावर थांबू नका. कागदावर हाताचा पंजा काढून द्या आणि जिथे मुंग्या येतात तिथे पेनाने रेघा मारायला सांगा. तरी कळलं नाही तर सरळ सांगा, ‘आज रात्री जाग आली की करंगळी चाचपून बघा आणि उद्या मला सांगा.’ करंगळी ठीक आणि बाकीची बोटं बधीर, असं उत्तर आलं तर संशय मीडियन नर्व्हवर, म्हणजे मनगटाच्या मधोमध तळहातात जाणाऱ्या नसेवर, जातो. फक्त करंगळी आणि अनामिका असेल तर अल्नरवर, म्हणजे कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या नसेवर. दुसरा प्रश्न विचारा: रात्री जाग आल्यावर तुम्ही हाताचं काय करता? पेशंट काही न बोलता थर्मामीटर झटकावा तसा हात झटकून दाखवतो. प्राइस-फिलिप्स यांनी १९८४ मध्ये या झटकण्याचं महत्त्व दाखवून दिलं. पुढच्या अभ्यासांत त्याची अचूकता कमी-जास्त आली, पण मी तो प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. भाकरी थापताना, गाडी चालवताना, फोन कानाला धरल्यावर हात बधीर होतो का, हेही विचारा. या सगळ्यांत मनगट बराच वेळ एका स्थितीत असतं किंवा त्यावर जोर येतो.

आता त्वचा. माझ्या मते सगळ्यांत मोलाची तपासणी अनामिकेची आहे, आणि तिला कापसाची एक वात पुरते. पेशंटला डोळे मिटायला सांगा. अनामिकेच्या टोकाची अंगठ्याकडची बाजू वातीने हलकेच स्पर्शा, मग करंगळीकडची. दोन्हीकडे सारखं लागतंय का विचारा. बहुतेक लोकांत या बोटाचा अर्धा भाग मीडियनकडे आणि अर्धा अल्नरकडे असतो. एक बाजू बधीर आणि दुसरी शाबूत असेल, तर बिघाड मानेतल्या नसेच्या मुळात असण्याची शक्यता बरीच कमी होते, कारण मानेतून निघणारं मूळ एकाच बोटाची अशी मधोमध वाटणी सहसा करत नाही. हे उत्तर एक्स-रे देत नाही.

त्यानंतर तळहात बघा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यावरच्या त्वचेला संवेदना देणारी मीडियनची शाखा मनगटाच्या साधारण ५ सेंटिमीटर आधीच वेगळी होते आणि मनगटातल्या बोगद्यात (कार्पल टनेल) न शिरता त्याच्या वरून जाते. म्हणून कार्पल टनेलच्या आजारात, म्हणजे या बोगद्यात मीडियन दबली की, बोटं बधीर असतात, पण हा उंचवटा शाबूत असतो. तोही बधीर असेल तर मनगटावर खिळून राहू नका. नस कोपराजवळ किंवा त्याहून वर दबलेली असू शकते.

मग ताकद. पेशंटचा हात टेबलावर उताणा ठेवा. अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगा, बोटांकडे किंवा बाजूला नाही, सरळ वर. तुमच्या एका बोटाने अंगठ्याच्या खालच्या सांध्यापाशी हळूहळू दाबत तो खाली आणायचा प्रयत्न करा, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या मांसल उंचवट्याच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. स्नायू तुमच्या बोटाखाली टणक झाला पाहिजे. हा अ‍ॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस, आणि त्याचा पुरवठा जवळजवळ नेहमीच मीडियनचा. तुमचं बोट स्नायूवर नसेल तर दुसरे स्नायू अंगठा उचलून देतात आणि तुम्ही फसता. दोन्ही हातांची तुलना कराच. हात शेजारी शेजारी धरून कडेने बघितले की एका बाजूचा उंचवटा सपाट झालेला दिसतो. असा खोलगटपणा दिसला तर नस बऱ्याच काळापासून दबलेली आहे.

एवढं झाल्यावर डिवचून पाहण्याच्या टेस्ट.

फॅलनमध्ये मनगटं वाकवून ६० सेकंद थांबायचं असतं, हे आपण सगळे जाणतो. पण ती करताना बहुतेक ठिकाणी हातांच्या पाठी एकमेकींना लावून दाबायला सांगतात. त्यात कोपर खूप वाकतं, अल्नर ताणली जाते आणि करंगळीलाही मुंग्या येतात. त्यापेक्षा कोपरं टेबलावर टेकवा, हात उभे ठेवा आणि मनगटं आपल्या वजनाने खाली लोंबू द्या. घड्याळ लावा, अंदाजाने मोजू नका. ‘मुंग्या येतायत का?’ असंही विचारू नका. त्या प्रश्नाला भिडस्त पेशंट हो म्हणतो. ‘काय होतंय? कुठे होतंय?’ एवढंच विचारा. मनगट नुसतं दुखलं तर टेस्ट पॉझिटिव्ह नाही. पेशंटचा नेहमीचाच त्रास, मीडियनच्या बोटांत, ठरलेल्या वेळेत आला पाहिजे.

ही टेस्ट का चालते हे गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बोगद्यातला दाब मोजून दाखवलं. मनगट सरळ असताना निरोगी हातात तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता आणि कार्पल टनेलच्या रुग्णांत ३२. मनगट वाकवलं की निरोगी हातात ३१ आणि रुग्णांत ९४. मनगट मागे वळवल्यावरही दाब असाच वाढतो. रात्रीचा स्प्लिंट (मनगटाला बांधायचा आधारपट्टा) मनगट सरळ ठेवणाराच का हवा, हे या आकड्यांवरून पेशंटलाही समजावता येतं. बाजारात मिळणारे बरेच स्प्लिंट मनगट मागे वळवून धरतात. आतली पट्टी हाताने सरळ करून द्या.

मनगट आखडलेलं असेल, जुनं फ्रॅक्चर असेल, तर फॅलन नीट होत नाही. तिथे डर्कनची टेस्ट घ्या. १९९१ मध्ये वर्णन झालेल्या या टेस्टमध्ये मनगट सरळ ठेवून बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद एकसारखं दाबायचं. जागा चुकू नये म्हणून मनगटाच्या घडीच्या थोडं पुढे, तळहाताच्या बाजूला, मधोमध दाबा. घडीच्या मागे, कोपराकडे दाबलंत तर तुम्ही बोगद्यावर नाहीच.

टिनेलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यूल्स टिनेल या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसांवर हे निरीक्षण लिहिलं. त्याच वर्षी जर्मनीत पॉल हॉफमन यांनीही लिहिलं. दोघे पाहत होते ते जखमेनंतर नव्याने वाढणाऱ्या नसेचं टोक. दबलेल्या नसेसाठी आपण ती टेस्ट नंतर वापरायला लागलो. त्यामुळे नसेवर टकटक केल्यावर काही झालं नाही म्हणून नस ठीक, असा अर्थ काढायचा नाही.

तुमच्या गोंधळाचं उत्तर आकड्यांतही आहे. मॅकडर्मिड आणि वेसेल यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात आजार असलेल्यांपैकी फॅलनने सरासरी ६८ टक्के पकडले, डर्कनने ६४ आणि टिनेलने ५०. आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण फॅलनचं ७३ टक्के, टिनेलचं ७७ आणि डर्कनचं ८३. म्हणजे एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह येणं अगदी अपेक्षित आहे. शिवाय ज्याची नस फार बिघडली आहे, बोटं चोवीस तास बधीर आहेत, त्याला फॅलनमध्ये नव्याने काही जाणवतच नाही. सगळ्यांत गंभीर पेशंटच्या टेस्ट निगेटिव्ह येतात त्या अशा. म्हणूनच मी संवेदना आणि ताकद आधी बघायला सांगतो.

ग्रॅहम यांनी मांडलेली सीटीएस-६ पद्धत मला आवडते, कारण ती एका टेस्टवर विसंबत नाही. मीडियनच्या भागात बधीरपणा, तो रात्री होणं, अंगठ्याच्या उंचवट्याची झीज किंवा अशक्तपणा, फॅलन, टिनेल, आणि जवळजवळची दोन टोकं वेगळी न कळणं, या सहा गोष्टींना ती कमी-जास्त गुण देते. शेवटच्या गोष्टीसाठी पेपरक्लिप पुरते. तिची दोन टोकं ६ मिलिमीटरवर ठेवून बोटाच्या टोकावर, बोटाच्या लांबीच्या दिशेने, त्वचा पांढरी पडणार नाही इतपत हलकेच टेकवा. निरोगी बोटाला ती दोन आहेत हे कळतं. लवकरच्या अवस्थेत ही तपासणी बहुधा ठीकच येते, पण बिघडलेली आली तर तिला वजन आहे.

आता कोपर. करंगळीला मुंग्या असतील तर पहिला प्रश्न: नस कोपराला दबली आहे की मनगटाच्या गुयाँ कॅनालमध्ये (करंगळीच्या बाजूचा अल्नरचा बोगदा)? हात पालथा करा आणि करंगळीच्या बाजूची हाताची पाठ तपासा. तिथली शाखा मनगटाच्या बरीच आधी फुटते. पाठ बधीर असेल तर बिघाड मनगटाच्या वर, बहुधा कोपरात. पाठ शाबूत आणि फक्त तळहाताकडची करंगळी बधीर असेल तर मनगटावर संशय. हाताच्या कडेवर तासन् तास भार देऊन सायकल चालवणाऱ्यांत मी हा दुसरा प्रकार पाहतो. आणखी एक खूण. कोपराच्या खाली, हाताची आतली बाजूही बधीर असेल, तर ती त्वचा अल्नरची नाहीच. मग वर, काखेकडे आणि मानेकडे बघा.

कोपराच्या टेस्टमध्ये कोपर पूर्ण वाकवून, मनगट सरळ ठेवून, आतल्या हाडामागे नसेवर एका बोटाने मिनिटभर दाबा. नुसत्या ठोकण्यावर जाऊ नका. कोपराच्या आतल्या बाजूला ठोकलं की पुष्कळ निरोगी लोकांनाही करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. निरोगी बाजूशी तुलना केल्याशिवाय ते उत्तर धरू नका. ताकदीसाठी फ्रोमाँची टेस्ट. केसपेपर अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरायला सांगा आणि ओढा. अंगठा सरळ ठेवून धरता येत नाही, टोकाचा सांधा वाकतो, म्हणजे अल्नरचा स्नायू अशक्त आहे आणि मीडियनचा स्नायू मदतीला आला आहे. हाताच्या पाठीवर अंगठा आणि तर्जनीमधला भाग खोल गेलाय का, तेही बघा.

इथे थोडं थांबतो, कारण एक तपासणी आपल्याकडे कधीच टाळू नये. कोपरामागची नस बोटांखाली आडवी घोळवून बघा. दोन्ही बाजूंची. नस जाड, दोरीसारखी, दाबल्यावर दुखणारी लागली तर कुष्ठरोगाचा विचार करा. भारतात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून डिसेंबर २००५ मध्ये संपल्याचं जाहीर झालं, पण त्याचा अर्थ रुग्ण दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी झाले एवढाच होता. नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर, बधीर चट्टा आहे का, कपडे काढून उजेडात बघा. मानेच्या बाजूची आणि गुडघ्याच्या बाहेरची नसही चाचपा. औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नस नुकतीच सुजून हात अशक्त होत असेल तर वेळेत दिलेल्या स्टेरॉइडने तो वाचू शकतो. ‘कोपराला नस दबलीय’ म्हणून सहा महिने गोळ्या खाल्लेला आणि करंगळी वाकडी होऊन बसलेला तरुण समोर आला की जीव तुटतो, कारण चाचपायला लागणारा वेळ अर्धा मिनिट असतो.

मानेबद्दल. पन्नाशीच्या पुढे मानेच्या एक्स-रेत ‘गॅप कमी’ बहुतेकांना दिसते, त्यावरून हाताचं निदान करू नका. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर हलका दाब दिला आणि कळ हातात उतरली तर स्पर्लिंग पॉझिटिव्ह. ही टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे मान सुटली असं नाही, पण पॉझिटिव्ह आली तर ती बरंच सांगते. मार लागलेला असेल, संधिवाताची मान असेल किंवा मज्जारज्जूवर दाबाचा संशय असेल तर ती करूच नका. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, असं पेशंट आपणहून सांगत असेल तरी मानेकडे बघा. ट्रायसेप्सची (दंडामागच्या स्नायूची) ताकद आणि रिफ्लेक्स घ्या. ट्रायसेप्स अशक्त आणि अंगठा वर उचलणारा स्नायू दणकट, तर बिघाड मनगटाचा नाही. अंगठ्याचा हा स्नायू आणि बोटं फाकवणारे स्नायू दोन्ही अशक्त असतील तर मीडियन आणि अल्नर एकदम धरल्या गेल्या आहेत. मग मानेतली खालची मुळं, किंवा सगळ्याच नसांचा आजार.

दोन्ही हात बोजड झालेत, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, असं कोणी सांगितलं तर मधल्या बोटाचं नख टिचकी मारून सोडा. अंगठा आत वाकला तर ती हॉफमनची खूण (हे हॉफमन वेगळे). गुडघ्याचे रिफ्लेक्सही जोरदार असतील तर हा मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. मानेचा एमआरआय लवकर करून घ्या.

पायाचं थोडक्यात, कारण तुमच्या भागात हे येणारच. वाटाणा तोडणीत किंवा खुरपणीत तासन् तास उकिडवं बसल्यावर पाऊल उचलता येत नाही, चप्पल निसटते, असा पेशंट आला तर कंबरेची नस की गुडघ्याखालची, हा प्रश्न पडतो. पाऊल आत वळवायला सांगा आणि अडवा. आत वळवण्याची ताकद चांगली असेल तर बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी पेरोनियल नर्व्ह दबली आहे. तीही कमी असेल आणि कुशीवर झोपून पाय वर उचलणंही अशक्त असेल तर कंबरेतलं पाचवं मूळ. मांडीची फक्त बाहेरची बाजू बधीर किंवा जळजळती, पण ताकद आणि गुडघ्याचा रिफ्लेक्स ठीक, असेल तर कमरेशी त्वचेची नस दबली आहे. घट्ट पट्टा, वाढलेलं पोट, गरोदरपण ही नेहमीची कारणं. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की कमरेला ढोल आवळून बांधणाऱ्या मुलामुलींनाही मी हे विचारतो. गाठ सैल करून, बांधायची जागा बदलून बघायला सांगतो. हाताचं एक राहिलं: मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जळजळ असेल तर आधी घट्ट कडं किंवा घड्याळ काढायला लावा.

एनसीव्ही कोणाला? लक्षणं ठरावीक आहेत, अनामिकेची एक बाजूच बधीर आहे, ताकद ठीक आहे, अशा पेशंटला लगेच पाठवू नका. रात्रीचा सरळ स्प्लिंट सहा आठवडे द्या. साखर, थायरॉइड आणि गरज वाटल्यास बी-१२ तपासा. स्त्री गरोदर असेल तर बाळंतपणानंतर बहुतेकदा त्रास कमी होतो, तिला तसा धीर द्या. तपासणीत दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील, दोन्ही पायांनाही बधीरपणा असेल, किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एनसीव्ही करा. सौम्य कार्पल टनेलमध्ये ती नॉर्मलही येऊ शकते, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल, मग मी खोटं सांगतोय का’ असं त्याला वाटणार नाही. थंड हातावर घेतलेली एनसीव्ही खोटी मंद येते. थंडीत पेशंट गाडीवरून गेला असेल तर आधी हात गरम करून घ्यायला सांगा.

उंचवटा झिजलेला, बधीरपणा चोवीस तास, किंवा ताकद आठवड्याआठवड्याला कमी होणारी असेल, तर स्प्लिंटवर वेळ घालवू नका. आणि मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर प्लास्टरमध्ये बोटं बधीर होत चालली आहेत आणि दुखणं वाढतच आहे, अशा पेशंटवर टिनेल-फॅलन काही करत बसू नका. प्लास्टर आणि आतला कापूस त्वचेपर्यंत पूर्ण कापून उघडा, मनगट फार वाकवून बांधलं असेल तर सरळ करा, आणि तेवढ्याने लवकर आराम पडला नाही तर त्याच रात्री पुण्याला पाठवा. चिठ्ठीत बधीरपणा किती वाजता सुरू झाला, कुठल्या बोटांत, आणि प्लास्टर कापल्यावर काय फरक पडला, एवढं लिहा.